प्लॉटवर मागे दुसरं छोटं घर बांधावं म्हणतोय (इंदूर). कोणी केलंय का?

मागचं_अंगण

नमस्कार मंडळी. राजेंद्र नगरात वडिलांनी बांधलेलं घर आहे. प्लॉट ४० बाय ६०, म्हणजे २४०० चौरस फूट. घर एकमजली, पुढे ओटा, मागे अंगण. अंगणात एक निंब, कपडे धुवायचा दगड आणि ‘लागेल कधीतरी’ म्हणून ठेवलेला संसार. मी सरकारी कॉलेजातून पुढच्या वर्षी रिटायर होतोय. मुलगा-सून पुण्याहून परत यायचं म्हणताहेत, नात दीड वर्षाची आहे.

माझ्या डोक्यात असं आहे: मागच्या अंगणात साधारण ४५० फुटांचं स्वतंत्र घर. एक झोपायची खोली, छोटी बैठक, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम. त्यात आम्ही दोघं. पुढचं जुनं घर मुलांना. वर मजला चढवा असं सगळेच सांगतात, पण हिच्या गुडघ्यांचं पाहता वर आम्ही जाणार नाही. मुलं वर गेली तर खालचं एवढं घर आम्ही दोघांनी झाडत बसायचं.

विचारायचं ते असं. निगमात (महापालिकेत) नक्शा पास होईल का? वीज, नर्मदेचं पाणी, ड्रेनेज वेगळं घ्यावं लागतं का? आणि मुख्य म्हणजे एका आवारात दोन चुली मांडून कोणी राहतंय का, कसं चाललंय? ठेकेदाराने एका कागदावर आकडा लिहून दिलाय, तो मुद्दाम इथे देत नाही, आधी तुमचं ऐकतो.

बिनजिलबीचे_पोहे

सगळं इंदूर पुढे सरकतंय, ओटा तोडून शटर लावतंय, आणि तुम्ही मागे चाललात. सर, तुमच्यासारख्यांमुळेच रस्ता अजून शिल्लक आहे.

नकाशेवाली

सर, आधी एमओएस. प्लॉटच्या चारी बाजूंना जी मोकळी जागा सोडावी लागते ती. मध्यप्रदेश भूमी विकास नियम २०१२ मध्ये प्लॉटच्या मापाप्रमाणे पुढे, मागे, बाजूला किती सोडायचं याचा तक्ता आहे. तुम्हाला जे ‘मागचं अंगण’ दिसतंय त्यातला कुंपणाच्या भिंतीलगतचा पट्टा बांधायला तुमचा नाहीच. तो वजा केला की किती उरतं ते आधी मोजा. ४० फुटांची रुंदी पण बाजूची पट्टी सोडून कमी होते. ४५० फूट मागे सुटं बसवायचं म्हणजे बहुतेक वेळा भिंत कुंपणाला टेकते, आणि तिथेच गाडी अडते.

दुसरं, सुटं घर आणि जुनं घर यांच्यामध्येही उजेड-वाऱ्याला जागा लागते. ती सोडली नाही तर तुमच्या जुन्या घराच्या मागच्या खोल्या अंधाऱ्या होतील. म्हणजे मुलांना घर दिलं आणि खिडक्या काढून घेतल्या.

काय होऊ शकतं ते सांगते. जुनं घर एकमजली आहे म्हणजे एफएआर, म्हणजे प्लॉटच्या मानाने एकूण किती बांधता येतं ते प्रमाण, भरपूर उरला असणार. अडचण क्षेत्रफळाची नाही, जागेची आहे. सुटं बांधण्याऐवजी जुन्या घरालाच मागे लागून वाढवा, एमओएसच्या आत राहून, आणि त्याला बाजूने स्वतंत्र दार द्या. निगमाच्या दृष्टीने ती एकाच इमारतीतली वाढ, तुमच्या दृष्टीने वेगळं घर.

आणि वडिलांच्या वेळचा मंजूर नक्शा शोधा. सेप्टिक टँक कुठे आहे ते त्यात दाखवलेलं असतं. जुन्या घरांत तो हमखास मागच्या अंगणात निघतो.

सॅनहोजेकर

मूळचा रामबागेतला, आता कॅलिफोर्नियात. आमच्या इकडे ही टूम जोरात आहे. परसात दुसरं छोटं घर, इकडे लोक त्याला ‘ग्रॅनी फ्लॅट’ म्हणतात. घरं परवडेनात म्हणून राज्यानेच कायदे बदलले. २०१७ पासून नियम सैल होत गेले, २०२० पासून तर मागे आणि बाजूला ४ फूट सोडले की बास, ८०० चौरस फुटांपर्यंतचं घर शहराला सहसा नाकारताच येत नाही. पूर्ण अर्ज दिल्यापासून ६० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर मंजूर झालं असं धरतात. शेजाऱ्यांची सुनावणी वगैरे काही नाही. आईबाबा येतात तेव्हा तिथे राहतात, एरवी भाड्याने. बांधकामाचा खर्च मात्र विचारू नका, तेवढ्यात विजय नगरला फ्लॅट येईल.

बिनजिलबीचे_पोहे

६० दिवसांत उत्तर नाही तर मंजूर! आमच्याकडे ६० दिवसांत उत्तर आलं तर लोक घाबरतील, की फाइलीत काय निघालं.

नकाशेवाली

पोहेभाऊ, आता नक्शे ऑनलाइन जातात. फाइल सॉफ्टवेअरच तपासतं, त्यामुळे ‘थोडं इकडेतिकडे’ चालत नाही. सॅनहोजेकर, ४ फुटांचं ऐकून तोंडाला पाणी सुटलं, पण तुमचे प्लॉट केवढे आणि आमचे केवढे. इथे दोन्ही बाजूंनी चार-चार फुटांवर घरं आली तर दोघींनी खिडकीतून एकाच पोळपाटावर लाटावं.

मालवी_माती

मी बांधकाम खात्यात होतो, त्यामुळे थोडं लांबेल.

नक्शाआधी खाली काय आहे ते पाहा. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. मे महिन्यात जमिनीत हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या सगळ्यांनी पाहिल्यात. दोन-तीन मजली घराचं वजन या फुगण्याला काही प्रमाणात दाबून धरतं. एका खोलीचं हलकं घर माती सरळ उचलते, आणि सगळीकडून सारखं उचलत नाही. ज्या बाजूला बाथरूमचं नाहीतर कूलरचं पाणी मुरतं ती बाजू वर येते, निंबाची मुळं जिथलं पाणी ओढून घेतात ती बाजू बसते. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. लोक दरवर्षी दिवाळीत पुट्टी भरतात, ती पुढच्या जूनमध्ये पुन्हा बोलते. म्हणून ‘छोटंच तर घर आहे, पाया साधा चालेल’ हे ठेकेदाराचं वाक्य आपल्या मातीत उलटं आहे.

एक खड्डा खणून बघा. चार-पाच फुटांवर मुरूम लागला तर नशीब, पाया मुरमावर टेकवा आणि काम पुढे न्या. काळी माती खोलवर असेल तर अंडर-रीम्ड पाइल घ्या. साधारण साडेतीन मीटर खोल गोल भोक, तळाशी फुगा, वर प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याची आडवी तुळई. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ही पद्धत अशाच मातीसाठी विकसित केली आहे. बीमच्या खाली थोडी पोकळी सोडायची असते, म्हणजे माती फुगली तरी बीमला धक्का देत नाही. मिस्त्री ती पोकळी ‘राहून गेली’ समजून प्रेमाने भरून टाकतात. उभं राहून बघा.

खणलेली काळी माती परत भरावात टाकू नका, मुरूम आणा. घराभोवती मीटरभर रुंद पक्का पट्टा उताराने करा, पाणी पायाशी थांबता कामा नये.

आणि नकाशेवालीताई म्हणतात तसं जुन्याला लागून बांधणार असाल तर जुन्या भिंतीत नवी भिंत गुंफू नका. पायापासून स्लॅबपर्यंत सांधा मोकळा ठेवा. जुनं घर चाळीस वर्षांत बसायचं तेवढं बसलंय, नवं आता बसणार. दोघांना बांधून ठेवलंत तर जुनं फाटेल. जुन्या पायालगत सगळी चर एकदम उघडू नका, थोडी खणा, भरा, मग पुढची.

ग्वाल्हेरची_गडावरून

आमच्याकडे मागच्या खोल्यांवर अजून कुठेकुठे दगडी पटियांचं छत असतं, खाली लोखंडी गर्डर. स्लॅबपेक्षा लवकर होतं आणि सेंटिंगचा खर्च वाचतो. उन्हाळ्यात वरून भट्टी होते हे खरं, पण ग्वाल्हेरात स्लॅबखाली तरी कुठे महाबळेश्वर आहे. इंदुरात पटिया मिळतात का?

मालवी_माती

मिळतील, पण काळ्या मातीत पटिया नको. पाया जरा हलला की पटिया सरकते. तुमची जमीन वेगळी आहे.

तिसरी_शिट्टी

दोन चुलींचं मी सांगते, कारण आम्ही सुदामा नगरात तसेच राहतो.

आधी चांगलं. स्वयंपाकघर वेगळं झालं त्या दिवसापासून आमच्या घरातले निम्मे विषय संपले. भाजीत गूळ किती, दूध कोणी उतू घातलं, रात्री साडेदहाला मॅगीचा वास का येतोय, काहीच उरलं नाही. मी आणि सासूबाई आता एकमेकींना वाटी पाठवतो, पूर्वी एकमेकींची वाटी मोजायचो. सर, स्वयंपाकघर वेगळं करायचं तर पूर्ण करा. ‘चहापुरता ओटा’ करू नका. चहापुरत्या ओट्यावर महिन्याभरात कुकर चढतो, आणि धूर जायला जागा नसते.

पण तुमच्या बेतातली एक गोष्ट मला पटली नाही. तुम्ही दोघं मागे का? आमच्याकडे सासऱ्यांनी असंच ठरवलं होतं, मुलांना पुढचं मोठं घर, आम्ही मागे शांत. दोन महिन्यांत माणूस कोमेजला. पूर्वी ओट्यावर बसलं की सकाळी निगमच्या कचरागाडीचं गाणं, मग दूधवाला, मग भाजीवाली, मग जोशीकाका पेपर मागायला. मागे काय? भिंत आणि मोटर. रस्ता बघायचा तर आमच्या बैठकीतून जावं लागायचं, आणि आमच्याकडे कोणी आलेलं असलं की ते दारातूनच परत फिरायचे. मलाच ते बघवेना. शेवटी अदलाबदल केली. आम्ही तरुण माणसं दिवसभर ऑफिसात, आम्हाला मागे काय आणि पुढे काय, झोपायला तर येतो.

म्हाताऱ्या माणसांना रस्ता दिसायला पाहिजे. बाकी नक्शा वगैरे इंजिनिअर लोक बघतील.

मागचं_अंगण

तिसरी शिट्टी, हे मी हिला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, पण जेवताना म्हणाली, ‘मंगळागौरीच्या बायका मागून यायच्या का?’ म्हणजे विषय डोक्यात गेलाय.

शांतिप्रिय_५८

मला हे अजिबात मान्य नाही. रस्ता दिसायला पाहिजे हे जुन्या मोहल्ल्यांचं झालं. आता रस्त्यावर काय दिसतं? पार्किंगची भांडणं. आमच्या आईने स्वतः मागची खोली मागून घेतली. पुढे राहिलं की बेल वाजली की उठा, कुरिअर घ्या, पत्ता सांगा, वर्गणी द्या. दुपारी घरात एकटं म्हातारं माणूस, आणि दार रस्त्यावर, हे सुरक्षित आहे का? मागे तिला झोप लागते. तुळस आहे, ऊन आहे. सगळ्या म्हाताऱ्यांना एकच लागतं असं धरून चालू नका.

तिसरी_शिट्टी

काका, तुमच्या आईने स्वतः मागितली. फरक तिथेच आहे. सर स्वतः मागत नाहीयेत, मुलांसाठी सोडताहेत.

शांतिप्रिय_५८

हे वाक्य मात्र लागलं. ठीक आहे.

बडोदेकर_मूळचे

आमच्या बडोद्याला २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा तळमजल्यावरच्या ज्येष्ठांना उचलून वर न्यावं लागलं. त्यामुळे इकडे आता ‘आईबाबांना खाली’ हे वाक्य कोणी डोळे मिटून म्हणत नाही. तुम्ही कुठल्या नाल्याच्या काठी नसाल तर प्रश्न नाही, पण मागचं अंगण पुढच्यापेक्षा खोलगट असतं बऱ्याचदा. एका पावसात उभं राहून बघा पाणी कुठे वाहतं. आणि तुमच्याकडे निदान पाण्याबरोबर मगर येत नाही.

बिनजिलबीचे_पोहे

मगर नाही, पण एकदा पाहुणा मागच्या खोलीत उतरला की तोही हलत नाही.

वकिलीण_एमजीरोड

बांधकामावर बरंच झालं. आता कागद.

पहिली ओळच मला खटकली, ‘वडिलांनी बांधलेलं घर’. वडील हयात आहेत का? नसतील तर मृत्युपत्र आहे का? नसेल तर आई आणि सगळी भावंडं, बहिणींसकट, सारख्या हक्काची. निगमाच्या खात्यात तुमचं नाव चढलेलं असेल, पण नामांतरण म्हणजे मालकी नव्हे, ते कर भरण्यापुरतं असतं. नक्शाला आणि कर्जाला सगळ्या सहमालकांच्या सह्या लागतील. बहीण हक्क सोडत असेल तर हक्कत्यागाचा दस्त रजिस्टर झाला पाहिजे, साध्या कागदावर ‘मला काही नको’ लिहून चालत नाही. आणि ती सोडत नसेल तर तो तिचा हक्क आहे, रुसायचं कारण नाही.

प्लॉट विकास प्राधिकरणाच्या योजनेतला असेल तर लीज डीड काढून वाचा. नूतनीकरण झालंय का, भाड्याने देण्याबद्दल काही अट आहे का. गृहनिर्माण संस्थेचा असेल तर संस्थेचं ना-हरकत पत्र बँक मागू शकते.

दुसरं, पैसा कोणाचा? मुलगा कर्ज काढणार असेल तर बँक जमिनीच्या मालकाला सहअर्जदार करते. मुलाने स्वतःच्या पगारातून बांधलं तरी जमीन तुमच्या नावावर आहे, आणि वेगळा कागद नसेल तर उद्या वाटणीच्या वेळी ‘मी तीस लाख घातले’ हे तोंडी राहतं. आजच लिहा. घरात वितुष्ट येईल म्हणून लोक लिहीत नाहीत, आणि न लिहिल्यामुळे येतं.

तिसरं, मुलांना पुढचं घर ‘देणं’ म्हणजे राहायला देणं. बक्षीसपत्र करून देऊ नका. केलंच तर आईवडिलांना सांभाळण्याची अट दस्तात स्पष्ट लिहा. ज्येष्ठ नागरिक कायदा २००७ च्या कलम २३ प्रमाणे अट मोडली तर ते हस्तांतरण रद्द करून मागता येतं. २०२५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्याच एका आईच्या बाजूने असा निकाल दिला, घराचा ताबा तिला परत मिळाला.

देवासची_लेक

वकिलीणबाई, ‘रुसायचं कारण नाही’ हे वाक्य फ्रेम करून माहेरी लावते.

भाडेकरू_नको_रे_बाबा

एक व्यावहारिक. आज आईबाबांसाठी, उद्या तेच घर भाड्याने जाणार, हे गृहीत धरून बांधा. राजेंद्र नगरापासून भंवरकुआं जवळ, म्हणजे कोचिंगवाली मुलं रांगेत. भाड्याने द्यायचं तर दार वेगळं, पाण्याची टाकी वेगळी, मीटर वेगळं. करार ११ महिन्यांचा सगळे करतात कारण वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा रजिस्टर करावा लागतो. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या. भाड्याच्या उत्पन्नातून निगमचा कर वजा करून उरलेल्यावर आयकरात ३० टक्के सरसकट वजावट मिळते. मात्र निगमच्या संपत्तिकरात स्वतः राहतो म्हणून जी ५० टक्के सूट आहे ती भाड्याच्या भागाला नाही.

वकिलीण_एमजीरोड

भर घालते. १९६१ च्या मध्यप्रदेश स्थान नियंत्रण कायद्यात निवृत्त सरकारी नोकर, विधवा, अपंग अशा घरमालकांसाठी वेगळं प्रकरण आहे. स्वतःच्या खऱ्या गरजेसाठी जागा हवी असेल तर त्यांना दिवाणी दाव्याऐवजी भाडे नियंत्रण अधिकाऱ्याकडे जाता येतं. सर रिटायर झाले की त्यात बसतात.

शंभरला_शंभर

मीटरवरून आठवलं. अटल गृह ज्योती या राज्याच्या वीज-सवलत योजनेत महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत असेल तर पहिल्या १०० युनिटांचं बिल १०० रुपये. दोन कुटुंबं एकाच मीटरवर आली की ही हद्द पहिल्याच आठवड्यात ओलांडते. म्हातारा-म्हातारी वेगळ्या मीटरवर, दोन पंखे आणि एक फ्रिज, आरामात आत.

बिनजिलबीचे_पोहे

आणि उन्हाळ्यात नातीला एसी लागतो म्हणून तिला सुनेच्या मीटरवर झोपवायचं. नियोजन, भिया, नियोजन!

नकाशेवाली

दुसरं मीटर हवं तर भाग खरोखर वेगळा दिसायला लागतो, स्वतंत्र दार आणि स्वयंपाकघर. नुसता पडदा लावून मिळत नाही. नर्मदेचं म्हणाल तर एक दिवस आड पाणी येतं, त्यामुळे दुसऱ्या जोडणीपेक्षा आधी जमिनीतला हौद मोठा करणं फायद्याचं. वरच्या टाक्या मात्र दोन ठेवा. पाणी संपल्यावर ‘तुम्ही जास्त वापरता’ हे भांडण टाकी वेगळी असली की होत नाही.

आणि सर, निंब. तोडायचा विचार असेल तर २००१ चा वृक्ष परिरक्षण कायदा शहरात लागू आहे, स्वतःच्या अंगणातल्या झाडालाही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते.

छप्पन_चक्कर

शेजारी काहीही न विचारता अख्खी मागची जागा झाकून मोकळे होतात आणि नंतर दंड भरून नियमित करून घेतात. मग आपणच सरळ मार्गाने का जायचं? खरं सांगा, कोण विचारतं?

वकिलीण_एमजीरोड

१९५६ चा नगर पालिक निगम कायदा विचारतो. परवानगीशिवाय बांधकामावर कलम ३०७ ची नोटीस येते आणि पाडण्याचा खर्च तुमच्याकडून वसूल होतो. कलम ३०८-अ खाली प्रशमन शुल्क (तडजोडीची रक्कम) भरून नियमित होतं, पण ठरलेल्या मर्यादेपर्यंतच, आणि रस्त्याच्या बिल्डिंग लाइनीत किंवा पार्किंगच्या जागेत केलेलं होत नाही. विकायला निघालात की घेणाऱ्याची बँक नक्शा आणि प्रत्यक्ष घर ताडून बघते. तिथे अडकलेले मी खूप पाहिलेत. तक्रार बहुतेक वेळा निगम करत नाही, शेजारी करतो, आणि तोच करतो ज्याने स्वतः बांधलेलं असतं.

नवा_पाहुणा

माझा प्लॉट २० बाय ५० आहे. मागे असं काही होईल का?

नकाशेवाली

मागे सुटं नाही होणार. वर जा. आतून जिना घ्या, पण जिन्याच्या पायथ्याशी असं दार ठेवा की उद्या वरचा मजला वेगळा करता येईल.

मागचं_अंगण

सगळ्यांचे आभार. बऱ्याच गोष्टी एकदम झाल्या, एकेक सांगतो.

नक्शा सापडला, वडिलांच्या ट्रंकेत, एलआयसीच्या पावत्यांखाली. नकाशेवाली, तुम्ही म्हणालात तसंच, सेप्टिक टँक बरोबर अंगणाच्या मधोमध. आता घर ड्रेनेज लाइनीवर आहे, टँक बंद पडलाय, पण तो नीट भरल्याशिवाय वर काही टेकवता येणार नाही हे मालवी मातीसाहेबांचं वाचून कळलं. मागची सक्तीची मोकळी जागा वजा केल्यावर सुट्या घराला जेमतेम खोलीभर पट्टी उरते. म्हणजे सुटं घर गेलं.

वडिलांचं मृत्युपत्र नाही. आई नाही. बहीण आहे, उज्जैनला. तिला फोन केला तेव्हा मी बराच वेळ हवापाण्याचं बोलत होतो, शेवटी तीच म्हणाली, ‘दादा, घराचं काय ते बोल.’ ती राखीला येणार आहे, तेव्हा बसून ठरवू. तिचा हिस्सा ठेवायचा की मोबदला घ्यायचा ते तिने ठरवायचं असं मी तिला सांगितलंय. काम त्यानंतरच.

आणि राहायचं कोणी कुठे ते ठरलं. हिने सरळ सांगितलं, मी ओटा सोडणार नाही. तर पुढच्या दोन खोल्या, ओटा आणि सध्याचं स्वयंपाकघर आमच्याकडे. मुलांना मागच्या दोन खोल्या, त्यांना लागून मागे थोडी वाढ आणि वर एक मजला, त्यांचं स्वयंपाकघर वर. त्यांचं दार बाजूने. मुलगा म्हणतो आम्हाला हेच हवं होतं, तुम्हीच ‘मागे जातो’ म्हणून हट्ट धरलात. सून काही म्हणाली नाही, पण तिने वरच्या स्वयंपाकघराचं चित्र काढून पाठवलंय, खिडकी कुठे ते लाल पेनाने. निंब राहतो.

आता दोन शंका. जिना कुठे? आणि ओटा जमिनीपासून दोन फूट उंच आहे, हिच्यासाठी रॅम्प करावा का?

नकाशेवाली

जिना बाजूच्या दाराच्या आत, इमारतीच्या हद्दीत घ्या. एमओएसमध्ये लोखंडी जिना लटकवू नका. मागच्या दोन खोल्या आणि वरचा मजला त्याच दारातून मिळू देत, म्हणजे तुमच्या बैठकीतून कोणाला जावं लागणार नाही. मधे एक दार मात्र ठेवा, नातीसाठी. कडी तुमच्या बाजूने.

रॅम्पचा हिशेब सोपा आहे. उतार १ ला १२ लागतो. दोन फूट उंचीला २४ फूट लांब रॅम्प, वर वळणाला सपाट जागा. पुढच्या अंगणात तो मावणार नाही, आणि मावेल असा तीव्र केला तर त्यावरून पडाल. बाजूच्या पट्टीतून वळवून नेता येतो का ते नक्शात दाखवूनच ठरवू. तोपर्यंत सध्याच्या तीन उंच पायऱ्या काढून पाच बुटक्या, रुंद पायऱ्या करा, दोन्ही हातांना कठडा.

तुमच्या बाथरूमचं काम आताच करून घ्या, भिंती उघड्या असताना. दार ९०० मिलिमीटर मोकळं, बाहेर उघडणारं. आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच माणसामुळे अडतं. कमोडजवळ आधाराचा दांडा पुढे लावता यावा म्हणून भिंत तिथे भरीव ठेवा. उंबरठा नको, उताराने पाणी काढा.

शांतिप्रिय_५८

बाहेर उघडणारं दार, हे आमच्याकडेही करून घेतो. लक्षातच आलं नव्हतं.

भाडेकरू_नको_रे_बाबा

सर, ठेकेदाराचा आकडा अजून दिला नाहीत. फूट-दराने घेऊ नका एवढं सांगतो. छोट्या कामात स्वयंपाकघर आणि बाथरूमचाच वाटा मोठा, त्यामुळे फुटाला पडणारा दर मोठ्या घरापेक्षा जास्तच निघतो, आणि मग तो फरक सरियातून आणि सिमेंटातून काढला जातो. कामाची यादी करून प्रत्येकाचा भाव वेगळा लिहून घ्या. पैसे टप्प्याने, आणि शेवटचा टप्पा पहिल्या पावसानंतर.

मागचं_अंगण

आकडा ४५० फुटांच्या सुट्या घराचा होता, तो आता रद्दच. मालवी मातीसाहेब, वर मजला चढवायचा तर जुना पाया पेलेल का? आणि तो खड्डा कधी खणू, राखी होईपर्यंत थांबू का?

मालवी_माती

खड्डा खणायला कोणाच्या सहीची गरज नाही. पाऊस सुरू व्हायच्या आत खणा, नंतर त्यात पाणी भरेल आणि काही कळणार नाही. दोन खणा. एक मागे जिथे वाढ करणार तिथे, दुसरा जुन्या भिंतीला लागून, पायाचा तळ दिसेपर्यंत, तीन-चार फूट लांबीचा, जास्त नाही. पाया किती खोल, किती रुंद, मुरमावर आहे की मातीवर, त्याचे फोटो मोजपट्टी शेजारी धरून काढा आणि इथे टाका. त्याच दिवशी बुजवा. भिंती विटांच्या आहेत की नुसते कॉलम आहेत, आणि भिंत नऊ इंची आहे का, हेही लिहा. वरचा मजला पेलेल की नाही हे फोटो पाहून मी सांगणार नाही, ते तिथे येऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरने सांगायचं. पण त्याला बोलावण्याइतका पाया आहे का, ते फोटोवरून कळेल.